छोटा देश मानवाधिकारांबद्दल दिलेला शब्द पाळतोय का, हे कसं तपासायचं

सुरुवातीला मी एकच गोष्ट करायचो, देशाने किती करार मान्य केलेत ते मोजायचं आणि आकडा मोठा असला की देश चांगला असं धरून चालायचं. मग एकदा एका छोट्या बेटदेशाची फाइल वाचत बसलो होतो, त्यात दिसलं की करार मान्य करून कित्येक वर्षं झाली तरी पहिलाच रिपोर्ट गेलेला नाही. मला वाटलं सरळ फसवणूक आहे ही. पण जरा खोलात गेल्यावर कळलं की तिथे हे काम बघणारी व्यक्ती एकच, आणि तीच हवामान, व्यापार, मासेमारी या सगळ्याच्या मीटिंगाही बघते. तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. यांना जमत नाहीये, की यांना करायचंच नाहीये? खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहे. कागदपत्रं सगळी फुकट ऑनलाइन मिळतात, फक्त कुठे बघायचं आणि कसं वाचायचं हे माहिती पाहिजे.

आधी छोटा देश म्हणजे कोण ते. कॉमनवेल्थमध्ये साधारण १५ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेला देश छोटा धरतात, आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत १९९२ साली सिंगापूरच्या पुढाकाराने छोट्या देशांचा जो गट सुरू झाला तिथे १ कोटीच्या आतले देश येतात. म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त देश या ना त्या अर्थाने छोटेच आहेत. म्हणून हा विषय कडेचा समजू नका.

करारांचं पान उघडा, पण तळापर्यंत वाचा

मूळ मानवाधिकार करार ९ आहेत. वंशभेदाविरुद्धचा १९६५ चा, १९६६ चे दोन म्हणजे नागरी-राजकीय हक्क आणि आर्थिक-सामाजिक हक्क, महिलांचा १९७९ चा, छळाविरुद्धचा १९८४ चा, बालहक्कांचा १९८९ चा, स्थलांतरित कामगारांचा १९९० चा, आणि २००६ चे दोन, अपंग व्यक्तींचे हक्क आणि जबरदस्तीने गायब करण्याविरुद्धचा. संयुक्त राष्ट्रांच्या ट्रीटी कलेक्शन या वेबसाइटवर प्रत्येक कराराचं पान आहे, त्यात देशासमोर दोन तारखा दिसतील, सहीची आणि रॅटिफिकेशनची. नुसती सही म्हणजे इरादा कळवला, देश बांधला जातो तो रॅटिफिकेशनने, म्हणजे करार अधिकृतपणे मान्य केल्यावर (आणि आधी सही न करता थेट सामील झाला तर त्याला ॲक्सेशन म्हणतात, वजन तेवढंच).

इथे थांबू नका. त्याच पानावर खाली रिझर्व्हेशन्स असतात, म्हणजे हे कलम आम्हाला लागू नाही असं देशाने लिहून दिलेलं. एखाद्या देशाने एकाच कलमाबद्दल नेमकं कारण देऊन सूट मागितली असेल तर ते समजू शकतं, पण "आमच्या कायद्याशी जे विसंगत असेल ते आम्ही मानणार नाही" अशी सगळ्यावरच चादर पांघरलेली दिसली तर सावध व्हा, कारण मग करार मान्य करून उरलं काय? त्याखाली इतर देशांच्या हरकती असतात त्याही वाचा, आणि नंतर रिझर्व्हेशन मागे घेतलंय का तेही बघा. मागे घेतलेलं रिझर्व्हेशन हा मला सगळ्यात आवडणारा पुरावा आहे, त्याचा गाजावाजा कोणी करत नाही आणि त्यासाठी देशाला बहुतेक वेळा आपला कायदा खरोखर बदलावा लागतो.

अजून एक, बाहेर पडण्याच्या नोंदी. नागरी-राजकीय हक्कांच्या कराराला एक जोडकरार आहे, त्यामुळे साधा माणूस स्वतःच्या देशाविरुद्ध थेट जिनिव्हाच्या कमिटीकडे तक्रार करू शकतो (प्रत्येक कराराची अशी तज्ज्ञांची एक कमिटी असते). जमैका १९९७ मध्ये त्यातून बाहेर पडला. त्रिनिदाद-टोबॅगो १९९८ मध्ये बाहेर पडला, फाशीच्या कैद्यांना वगळण्याची अट घालून परत आला, ती अट कमिटीने मान्य केली नाही तेव्हा २००० मध्ये कायमचा गेला. का, तर १९९३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, जे या देशांचं शेवटचं अपील कोर्ट, असं ठरवलं की फाशीच्या कैद्याला ५ वर्षांहून जास्त ताटकळत ठेवणं ही अमानुष वागणूक धरली जाईल, आणि आंतरराष्ट्रीय तक्रारीत वेळ जायचा, म्हणून या सरकारांनी तक्रारीचा रस्ताच बंद केला. आता हाच त्रिनिदाद-टोबॅगो, ज्याचे पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन यांनी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची कल्पना संयुक्त राष्ट्रांपुढे परत आणली, आणि त्यातूनच पुढे हे न्यायालय उभं करणारा १९९८ चा रोम करार झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही वहीत लिहा. एका गोष्टीवरून आख्खा देश जोखायला जाऊ नका.

रिपोर्ट लेट आहे, पण कुठल्या कराराचा?

करार मान्य केला की रिपोर्ट द्यावे लागतात. बालहक्कांचा पहिला रिपोर्ट २ वर्षांत, मग दर ५ वर्षांनी. नागरी-राजकीय हक्कांचा पहिला तर १ वर्षातच. शब्दमर्यादा आहे, पहिल्या रिपोर्टला ३१,८०० शब्द आणि पुढच्यांना २१,२००, शिवाय देशाची सर्वसाधारण माहिती देणारा एक कॉमन डॉक्युमेंट ४२,४०० शब्दांपर्यंत. हे ९ करारांना लावून बघा, आणि लिहायला माणसं दोन. मला हे आकडे पहिल्यांदा कळले तेव्हा त्या न पाहिलेल्या दोन माणसांबद्दल फार वाईट वाटलं होतं.

म्हणून नुसतं "रिपोर्ट लेट" असं लिहून पुढे जाऊ नका. सगळे करार एका ओळीत मांडा आणि उशिराचा पॅटर्न बघा. सगळेच रिपोर्ट सारखे रखडलेत, बालहक्कांचापण, अपंगांचापण, तर बहुतेक वेळा माणसं आणि पैसा कमी आहे. पण बाकी सगळे वेळेवर आणि फक्त छळाविरुद्धचा किंवा महिलांचाच दहा वर्षं अडकलाय, तर तिथे काहीतरी दडवायचंय. जमत नाही आणि करायचं नाही यातला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, त्यामुळे ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

दुसरं, मदत मागितलीय का? खरंच अडलेला देश मदत मागतो. रिपोर्ट लिहायचं ट्रेनिंग मागतो, किंवा कमिटीने आधी प्रश्न पाठवावेत आणि आम्ही फक्त त्यांची उत्तरं देऊ अशी सोपी पद्धत निवडतो. कमिटीकडूनही हात पुढे आलेले आहेत. मार्च २०२० मध्ये बालहक्क कमिटी स्वतः सामोआला गेली, राजधानी अपियामध्ये बसून तिने कुक आयलंड्स, तुवालू आणि मायक्रोनेशिया यांचे रिपोर्ट तपासले. एखाद्या करार-कमिटीने पॅसिफिकमध्ये असं पूर्ण सत्र घेण्याची ती पहिलीच वेळ. पॅसिफिकमधून जिनिव्हाला जायचं म्हणजे विमानं बदलत बदलत दोन-दोन दिवसांचा प्रवास, त्यामुळे एरवी दोन-तीन अधिकारी गेले तरी खूप. इथे कमिटीच दारात आली, आणि तिथल्या लोकांना आपल्या सरकारला कोण काय विचारतंय ते समोर बसून ऐकता आलं. ही बातमी वाचून मला झालेला आनंद अजून आठवतो.

साडेतीन तासांची परीक्षा

आता मुख्य काम. युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू, सगळे यूपीआर म्हणतात. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कौन्सिल तयार झालं आणि २००८ पासून प्रत्येक देशाची बाकीच्या देशांकडून पाळीपाळीने तपासणी सुरू झाली. देश मोठा असो की चिमुकला, वेळ तोच, साडेतीन तास. त्यातली ७० मिनिटं त्या देशाला बोलायला आणि १४० मिनिटं बाकीच्यांना. बोलणाऱ्यांची यादी लांब असली की एकेका देशाच्या वाट्याला मिनिट-सव्वा मिनिट येतं. पहिली फेरी २००८ ते २०११, दुसरी २०१२ ते २०१६, तिसरी २०१७ ते २०२२, आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून चौथी.

प्रत्येक रिव्ह्यूचे तीन कागद असतात. एक सरकारचा स्वतःचा रिपोर्ट, दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी जे म्हटलंय त्याचं संकलन, तिसरा संस्था-संघटनांनी पाठवलेल्या माहितीचा सारांश. माझा सल्ला असा की सरकारचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी वाचा. आधी तिसरा वाचा, मग दुसरा, म्हणजे सरकारच्या रिपोर्टमध्ये काय गाळलंय ते आपोआप डोळ्यात भरतं. फक्त छोट्या देशांच्या बाबतीत एक काळजी घ्या, तिसरा कागद पातळ असला म्हणजे तक्रारी नाहीत असं समजू नका. एवढ्याशा देशात सगळे सगळ्यांना ओळखतात, ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो अधिकारी कोणाचा तरी चुलतभाऊ निघतो, आणि संस्थाही मोजक्याच, त्यामुळे लोक गप्प बसतात. अशा वेळी बाहेरच्या संस्थांनी आणि त्या भागातल्या प्रादेशिक संघटनांनी काय लिहिलंय त्याला जास्त वजन द्या.

मग यूएन वेब टीव्हीवर त्या सेशनचं रेकॉर्डिंग लावा, बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये जिनिव्हाचा २० नंबरचा हॉल दिसेल, ज्याच्या छतावरून रंगीत लोंबते सुळके खाली आलेत. सगळे साडेतीन तास बघायची गरज नाही. मधला भाग बघा, जिथे मंत्री किंवा ॲटर्नी जनरल प्रश्नांना उत्तरं देतात. लिहून आणलेलंच पुन्हा वाचतात की समोरच्याने विचारलेल्या तुरुंगाचं, शाळेचं, कायद्याचं नाव घेऊन बोलतात? "हे आमच्याकडून झालेलं नाही, कारण असं असं" असं स्वच्छ सांगणारा मंत्री दिसला तर त्या देशाला माझ्याकडून मनापासून मार्क.

शेवटी शिफारशींची लांबलचक यादी येते, शंभर-दोनशे सहज. देशाला प्रत्येकीवर दोनच उत्तरं देता येतात, सपोर्टेड म्हणजे मान्य आणि नोटेड म्हणजे नोंद घेतली. नाही म्हणायला शब्दच नाही, त्यामुळे नोटेड हाच नकार समजायचा. सगळे इथे टक्केवारी काढतात, ८० टक्के मान्य वगैरे, आणि इथेच चुकतात. क्रियापद वाचा. "विचार करावा", "प्रयत्न चालू ठेवावेत", "पावलं उचलावीत" अशा शिफारशी मान्य करायला काहीच लागत नाही, मोजायचं असेल तर "कायदा रद्द करावा", "करार रॅटिफाय करावा", "आयोग स्थापन करावा" अशा नेमक्या शिफारशींपैकी किती मान्य केल्या ते मोजा.

मी काय करतो, एकच शिफारस घेतो आणि तीन-चार फेऱ्यांमधून तिचा माग काढतो. समजा पहिल्या फेरीत कोणीतरी म्हटलं, पॅरिस तत्त्वांप्रमाणे स्वतंत्र राष्ट्रीय मानवाधिकार आयोग काढा (ही तत्त्वं १९९३ मध्ये जनरल असेम्ब्लीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेली, आयोग सरकारपासून स्वतंत्र हवा असं सांगणारी). देश म्हणाला मान्य. दुसऱ्या फेरीच्या रिपोर्टमध्ये "अभ्यास चालू आहे". तिसऱ्या फेरीत परत "अभ्यास चालू आहे", शब्दही तेच, परिच्छेद जसाच्या तसा उचललेला. असं दिसलं की माझ्या वहीत लाल खूण. याउलट दुसऱ्या फेरीत "वेगळा आयोग परवडत नाही म्हणून लोकपालाच्या ऑफिसलाच हे काम दिलंय" असं आलं तर हिरवी खूण, कारण त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वाट काढली. हे काल्पनिक नाही, सामोआने हेच केलं, लोकपालाच्या ऑफिसकडे मानवाधिकारांचं काम सोपवलं आणि त्या ऑफिसला २०१६ मध्ये ए दर्जाही मिळाला, म्हणजे पॅरिस तत्त्वं पूर्ण पाळतात अशी पावती.

पैशाअभावी कौन्सिलच्या सत्रांना येता आलं नाही ही सबब आता फारशी चालत नाही हेही लक्षात ठेवा. २०१२ मध्ये कौन्सिलने अल्पविकसित आणि छोट्या बेटदेशांसाठी एक ट्रस्ट फंड काढला, त्यातून त्यांच्या अधिकाऱ्यांचा जिनिव्हाचा प्रवास आणि ट्रेनिंग होतं. ७० च्या वर देशांना त्याचा लाभ घेता येतो.

येऊ दे म्हणायला पैसे लागत नाहीत

ही पायरी छोटी आहे पण फार बोलकी. संयुक्त राष्ट्रांचे स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे छळ, घर, पाणी, अभिव्यक्ती अशा एकेका विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ, देशांना भेटी देतात. कोणीही कधीही या असं कायमचं आमंत्रण शंभराहून जास्त देशांनी देऊन ठेवलंय. तुमच्या देशाने दिलंय का बघा आणि मग भेटीच्या विनंत्यांची यादी बघा, किती मान्य, किती वर्षानुवर्षं बिनउत्तराच्या. रिपोर्ट लिहायला माणसं लागतात हे मान्य, पण होकाराचं पत्र पाठवायला काय लागतं? म्हणून इथे जमत नाही ही सबब मी जवळपास धरतच नाही. भेट झाली असेल तर तज्ज्ञ ज्यांना भेटला त्या लोकांना नंतर त्रास झाला का हेही शोधा, यंत्रणेशी बोलणाऱ्यांवर सूड घेतल्याच्या घटनांचा रिपोर्ट सेक्रेटरी जनरल दरवर्षी काढतात, त्यात देशाचं नाव शोधा.

मत कुठे टाकलं, आणि पुढाकार कुठे घेतला

कौन्सिलमध्ये ४७ जागा, मुदत ३ वर्षं. निवडणुकीला उभा राहणारा देश आपण काय काय करू याचं लेखी आश्वासन देतो, ते कागद डाउनलोड करून ठेवा, ३ वर्षांनी परत काढून वाचायला. मार्शल आयलंड्सचं उदाहरण मी नेहमी देतो. २०१८ मध्ये त्यांनी १९६६ चे दोन्ही करार आणि छळाविरुद्धचा करार स्वीकारला, २०१९ मध्ये कौन्सिलवर निवडून आले, २०२१ मध्ये हवामान बदल आणि मानवाधिकार यासाठी वेगळा स्पेशल रॅपोर्टर नेमायच्या ठरावात पुढे राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या बेटांवर १९४६ ते १९५८ मध्ये झालेल्या ६७ अणुचाचण्यांच्या परिणामांवर कौन्सिलकडून ठराव मंजूर करून घेतला. स्वतःचं दुखणं घेऊन आले आणि इतरांच्याही उपयोगाचं करून गेले.

मतदान बघताना मात्र जरा समजून घ्या. छोट्या देशाचं बजेट कुठल्या तरी मोठ्या देशाच्या मदतीवर चालत असतं, त्यामुळे तटस्थ मत दिसलं की लगेच शिव्या घालू नका, मतदानानंतर दिलेलं स्पष्टीकरण वाचा. आणि जे तरी उभे राहतात त्यांची किंमत मग कळते. आइसलँड २०१८ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या जागेवर कौन्सिलमध्ये आला आणि जुलै २०१९ मध्ये फिलिपिन्समधल्या ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर ठराव घेऊन आला, १८ विरुद्ध १४ मतांनी पास झाला, १५ तटस्थ. लिक्टेनस्टाइन तर जेमतेम ४० हजार वस्तीचा देश, सिरियाचा विषय सिक्युरिटी कौन्सिलमध्ये व्हेटोने अडकल्यावर त्यांनी कतारला बरोबर घेऊन डिसेंबर २०१६ मध्ये जनरल असेम्ब्लीतून पुरावे गोळा करणारी यंत्रणाच उभी केली, १०५ बाजूने, १५ विरोधात, ५२ तटस्थ. वानुआतूने मार्च २०२३ मध्ये हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवायला जनरल असेम्ब्लीला राजी केलं आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं मत आलं, मूळ कल्पना पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची.

मग घरी बघा

बाहेर गाजवलेल्या देशाचं घर तपासायचं राहून जातं, म्हणून ही पायरी शेवटी ठेवलीय. पश्चिम आफ्रिकेतला गांबिया घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये हा देश रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने एकमताने म्यानमारला तात्पुरते आदेश दिले. त्याच गांबियात २०१७ पर्यंत २२ वर्षं याह्या जामेहची हुकूमशाही होती. तर मग घरी काय केलं? त्या काळातल्या अत्याचारांसाठी सत्यशोधन आयोग बसवला, लोकांच्या साक्षी उघड घेतल्या, २०२१ मध्ये त्याचा अंतिम रिपोर्ट आला. फाशी रद्द करण्याचा जोडकरार २०१८ मध्ये मान्य केला. आणि मुलींच्या खतनेवर २०१५ मध्ये आलेली बंदी उठवायचं बिल संसदेत आलं तेव्हा जुलै २०२४ मध्ये ते फेटाळलं गेलं. पण ते बिल मुळात तिथवर पोचलं हेपण लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या रिव्ह्यूत काय विचारायचं ते तयार राहील.

घर तपासताना कोर्टाचे निकाल, बजेटमध्ये आयोगाला किंवा लोकपालाला दिलेली रक्कम, आणि संसदेत आलेली बिलं एवढं तीन बघितलं तरी पुष्कळ. इतिहासही बघा, पण त्यावरून कायमचा शिक्का मारू नका, लिक्टेनस्टाइनमध्ये महिलांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क १९८४ मध्ये मिळाला, तोही सार्वमत एकाहून जास्त वेळा हरल्यानंतर.

वहीत प्रत्येक देशाला एक पान द्या. वर करार आणि रिझर्व्हेशन्स, मध्ये एकच शिफारस आणि तिचा तीन फेऱ्यांचा प्रवास, खाली भेटींच्या विनंत्या आणि मतदान, आणि समोरच्या समासात प्रत्येक नापास गोष्टीपुढे "जमत नाही" किंवा "करायचं नाही" यापैकी एक लिहा, ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवा. सगळ्यात खाली पुढच्या यूपीआरची तारीख आणि संस्थांनी माहिती पाठवायची शेवटची तारीख, जी रिव्ह्यूच्या कित्येक महिने आधी असते. तुमचं त्या देशात कोणी असेल, एखाद्या संस्थेत काम करणारं, तर ते पान त्यांना त्या तारखेच्या आधी पाठवा.